नोकरी मागू नका, वाट विचारा

शिक्षण संपलंय, नोकरी नाही आणि दिवाळीला घरी आलाय, अशा मुलाला चार दिवसांत वीस वेळा तरी एकच प्रश्न ऐकावा लागतो : "काय करायलास सध्या?" विचारणारा बहुतेक वेळा वाईट मनानं विचारत नाही. पण ऐकणारा मान खाली घालतो, "चाललंय काहीतरी" म्हणतो आणि गल्ली बदलतो. पुढच्या दिवाळीपर्यंत तो त्या माणसासमोर येतच नाही.

धाराशिव जिल्ह्यात नोकरी शोधणाऱ्या मुलामुलींना पहिली गोष्ट सांगायची ती याच प्रश्नाबद्दल. तो टाळू नका. एक माणूस आपणहून थांबून तुमची चौकशी करतो आहे. त्याला नेमकं उत्तर द्या. "काका, बीएस्सी झालंय. स्पर्धा परीक्षेला चार वर्षं दिली, आता ते थांबवलंय. खत-बियाण्याच्या कंपनीत फिरतीचं काम बघतोय. तुमच्या ओळखीत त्या धंद्यातलं कोण आहे का?" एवढं बोलायला अर्धं मिनिट लागतं. ऐकणाऱ्याच्या डोक्यात लगेच एखादं नाव येतं, नाही तर घरी गेल्यावर येतं. "चाललंय काहीतरी" या उत्तरातून मात्र कुणाचंच नाव निघत नाही. बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचं सोनंही विकत नाही, असं आपल्याकडं म्हणतातच.

आता लगेच कुणीतरी म्हणेल, म्हणजे शेवटी वशिलाच. नाही. या दोन गोष्टी आपण फार दिवस एकाच पिशवीत घालत आलो आहोत आणि त्यात नुकसान प्रामाणिक मुलांचं झालं आहे. वशिला म्हणजे तुमची लायकी न बघता कुणीतरी वरून दाबून तुम्हाला जागेवर बसवणं. ओळख म्हणजे जागा कुठं आहे, तिथं काय लागतं आणि कुणाला भेटायचं हे कळणं. जागा मिळवायची ती तुमच्याच कामानं. स्वाभिमानी मुलं वशिला नको म्हणून ओळखसुद्धा नाकारतात आणि घरात बसून संगणकावर दोनशे अर्ज भरतात. बाकीची मुलं आमदार-खासदारांच्या बंगल्यावर चिठ्ठीसाठी खेटे घालतात. दोघांचंही वर्ष जातं.

ओळखीतून नोकरी मिळणं महाराष्ट्राला नवीन नाही. मुंबईचा गिरणगाव उभा राहिला तो गाववाल्यांच्या आधारावर. कोकणातला, साताऱ्याकडचा माणूस मुंबईत उतरला की गावच्या गाळ्यात पथारी टाकायचा, खानावळीत जेवायचा आणि कुठल्या गिरणीत कुठल्या खात्यात बदली कामगार हवेत ते तिथंच ऐकायचा. पण त्याच गिरण्यांत भरतीची सूत्रं जॉबर नावाच्या मुकादमाच्या हातात होती. बायकांच्या खात्यात ती नायकिणीच्या हातात. त्यांना दस्तुरी दिल्याशिवाय काम मिळत नसे. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालच्या राजेशाही मजूर आयोगानं १९३१ च्या अहवालात या लाचखोरीवर बोट ठेवलं आणि मुंबईच्या गिरणीमालक संघानं १९३५ मध्ये बदली कामगारांच्या नोंदणीची पद्धत आणली. यात आजच्या मुलासाठी एक धडा आहे. माहिती पुष्कळ तोंडांतून फिरत असते तेव्हा ती ओळख असते. ती एकाच माणसाच्या मुठीत गेली की तिचा भाव ठरतो. ऊसतोडीचा मुकादम आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहे. तोही ओळखीचाच असतो, पण आधी उचल देतो आणि मग हंगामभर माणूस बांधून घेतो. म्हणून एकाच दादावर, एकाच साहेबावर विसंबू नका. दहा जणांकडं चौकशी करा.

कुणाकडं करायची, याचं उत्तर आपल्या समजुतीच्या उलट आहे. आपण धावतो ते सख्ख्या मामाकडं, चुलत्याकडं, जिवलग मित्राकडं. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञानं अमेरिकेत बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं, तुम्हाला ही जागा कळली कशी? त्याचा निबंध १९७३ मध्ये आला, पुस्तक १९७४ मध्ये. निम्म्याहून जास्त, सुमारे ५६ टक्के लोकांना नोकरी ओळखीतून मिळाली होती. खरी गंमत पुढं आहे. ज्या ओळखीच्या माणसानं नोकरी सांगितली, तो त्यांना वारंवार भेटणारा होता असं फक्त १७ टक्क्यांच्या आसपास लोक म्हणाले. ५६ टक्क्यांच्या बाबतीत तो अधूनमधून भेटणारा होता आणि २८ टक्क्यांच्या बाबतीत वर्षातून एखाद्या वेळी किंवा त्याहूनही कमी. २०२२ मध्ये लिंक्डइन वापरणाऱ्या सुमारे दोन कोटी लोकांवरचा अभ्यास 'सायन्स' या नियतकालिकात आला. त्यातही नोकरीला उपयोगी पडली ती जवळची नव्हे, जरा लांबचीच ओळख.

कारण साधं आहे. तुमच्या जिवलग मित्राला जे माहीत आहे ते तुम्हालाही माहीत असतं. तुम्ही एकाच पारावर बसता, एकाच ग्रुपवर तेच मेसेज वाचता. आठवीत तुमच्या पुढच्या बाकावर बसणारा आणि आता रांजणगावात क्वालिटी विभागात असलेला मुलगा मात्र दुसऱ्याच जगात राहतो. त्याच्या कंपनीत पुढच्या महिन्यात माणसं घेणार आहेत हे त्याला जेवणाच्या सुट्टीत कळतं.

तर आता एक शंभर पानी वही घ्या. मोबाइलमध्ये नको, वहीच. पहिल्या आठवड्यात कुणालाही फोन करायचा नाही, फक्त नावं लिहायची. पाहुणे-रावळे लिहा, पण तिथं थांबू नका. शाळेची, कॉलेजची, आयटीआयची तुकडी आठवा. शिकवणारे सर आणि मॅडम लिहा. आयटीआयच्या निदेशकांकडं कंपन्यांचे फोन येतात हे बऱ्याच मुलांच्या ध्यानात येत नाही. एनएसएसच्या शिबिरातले सोबती लिहा. वडील ज्या कृषी सेवा केंद्रातून खत आणतात तो दुकानदार लिहा. त्याच्याकडं दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या कंपनीचा प्रतिनिधी येतो. ट्रॅक्टरच्या शोरूममधला माणूस, ठिबकवाला, दूध संकलन केंद्रावरचा, साखर कारखान्याच्या शेती खात्यातला, भूम-वाशीकडचे खव्याचे व्यापारी, आडतीवरचा दिवाणजी, औषध दुकानदार, बँकेचा व्यवसाय प्रतिनिधी, सगळ्यांची नावं लिहा. पुण्याला नेणाऱ्या रात्रीच्या ट्रॅव्हल्सचं बुकिंग करणाऱ्यालासुद्धा गावातलं कोण कुठं कामाला आहे हे तोंडपाठ असतं.

स्पर्धा परीक्षेची तयारी करून परत आलेल्या मुलांशी मला जरा वेगळं बोलायचं आहे, कारण त्यांच्या मनावरचं ओझं मोठं आहे. पुण्यातल्या पेठांतल्या अभ्यासिकेत चार-पाच वर्षं काढली, वडिलांनी सोयाबीन विकून पैसे पाठवले आणि निकाल लागला नाही. अशा मुलाला वाटतं, आपल्याकडं दाखवायला काहीच नाही आणि आता कुणाला तोंडही दाखवायचं नाही. पण त्याच्या वहीतली सगळ्यात दमदार पानं अभ्यासिकेतलीच असतात. शेजारच्या खुर्चीवरचा तलाठी झाला, त्यापलीकडचा बँकेत लागला, तिसऱ्यानं परीक्षा सोडली आणि विमा कंपनीत गेला, चौथा क्लासमध्ये शिकवतो. ही माणसं महाराष्ट्रभर विखुरलेली आहेत आणि त्यांनी तुम्हाला रात्री बारापर्यंत पुस्तकात बसलेलं पाहिलं आहे. तुमच्या कष्टाची इतकी पक्की साक्ष दुसरं कोण देणार? ज्यानं परीक्षा सोडून दुसरं काम धरलं, त्याला पहिला फोन करा. तो तुमची वाट आधी चालून गेला आहे.

यादी शंभर नावांपर्यंत गेली की त्यातली वीस निवडा. निवडताना माणूस किती मोठा आहे हे बघू नका. तुम्हाला हव्या त्या कामाच्या तो किती जवळ आहे हे बघा. कंपनीच्या मालकाची ओळख निघाली तरी तो तुमचा फोन उचलेल याचा भरवसा नाही. लाइनवरचा सुपरवायझर मात्र उचलेल, आणि कुठल्या शिफ्टला माणूस कमी आहे ते त्यालाच माहीत असतं.

आता विचारायचं कसं. सगळ्यात वाईट पद्धत म्हणजे ग्रुपवर "कुठे जॉब असेल तर सांगा" असं टाकणं. दोनशे जण वाचतात, दोनशेही जणांना वाटतं की दुसरा कुणीतरी सांगेल. दुसरी वाईट पद्धत म्हणजे अनोळखी माणसाला फोन लावून थेट "मला लावून द्या" म्हणणं. समोरच्याच्या हातात तेवढं नसतं, नाही म्हणायला त्याला जड जातं, मग तो पुढच्या वेळी फोनच घेत नाही. माणसाला देता येईल तेवढंच मागा. नोकरी देणं फार थोड्यांच्या हातात असतं, माहिती देणं जवळपास सगळ्यांच्या. आधी असा निरोप पाठवा :

"नमस्कार सर. मी परंडा तालुक्यातला, मेकॅनिकल डिप्लोमा २०२३. आमच्या कॉलेजच्या अमुक सरांनी आपला नंबर दिला. मी चाकण भागात क्वालिटीचं काम शोधतो आहे. तिथं भरती कशी होते आणि माझ्यासारख्यानं आधी काय शिकावं, हे आपल्याकडून समजून घ्यायचं आहे. आपल्या सोयीच्या वेळी दहा मिनिटं बोलता येईल का?"

गाव, शिक्षण, नंबर कुणी दिला, नेमकं काय हवं आणि किती वेळ हवा, एवढं त्यात आलं पाहिजे. मधल्या माणसाचं नाव त्याला विचारूनच घाला. निरोपात बायोडाटा चिकटवू नका. तो मागतील तेव्हा द्या, आणि तो एका पानाची पीडीएफ असू द्या. झेरॉक्सचा मोबाइलवर काढलेला तिरपा फोटो पुढं पाठवायची तुमचं नाव सुचवणाऱ्यालाच लाज वाटते.

वेळेचंही भान ठेवा. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण भागातल्या पुष्कळ कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. रविवारी फोन केलात तर तो माणूस मशीनवर असेल. आयटीतल्या माणसाला शनिवारी दुपारी गाठा, दुकानदाराला बाजाराच्या दिवशी मुळीच गाठू नका. आणि बाहेर गेलेली माणसं गावात येतात ते दिवस ओळखा : नवरात्रात तुळजापूरला, चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याच्या येडेश्वरीला, दिवाळीत, लग्नसराईत. यात्रेच्या गर्दीत नोकरीची कहाणी सांगत बसू नका. रामराम घाला, नंबर घ्या, "पुढच्या गुरुवारी फोन करतो" म्हणा आणि त्या गुरुवारी खरंच करा.

फोनवर काय विचारायचं ते वहीत आधी लिहून ठेवा. भरती कंपनी स्वतः करते की ठेकेदारामार्फत? सुरुवातीला ट्रेनी म्हणून घेतात का, आणि मग कायम किती जण होतात? हातात किती पडतात, पीएफ कापतात का, कंपनीची बस आहे का? रूमचं भाडं, मेसचे पैसे गेल्यावर घरी पाठवायला काय उरतं? कामासाठी कुठलं मशीन, कुठलं सॉफ्टवेअर यायला हवं? हे सगळं जाहिरातीत कधीच नसतं, आणि नेमकं हेच माहीत नसल्यानं पोरं दोन महिन्यांत बॅग घेऊन परत येतात. शेवटचा प्रश्न कधी विसरू नका : "सर, आणखी कुणाशी बोललं तर बरं होईल?" एका फोनातून दोन नावं मिळाली की वही आपोआप वाढते.

समजा, वाशी तालुक्यातला तो बीएस्सी झालेला मुलगा. त्यानं कृषी सेवा केंद्राच्या मालकाला विचारलं. मालकानं बियाणं कंपनीच्या प्रतिनिधीचा नंबर दिला. प्रतिनिधी म्हणाला, माझ्याकडं जागा नाही, पण एक दिवस माझ्याबरोबर फिरून बघ. मुलगा दोन दिवस त्याच्या मोटारसायकलवर मागं बसून गावोगाव हिंडला, शेतकऱ्यांशी कसं बोलायचं ते पाहिलं. महिनाभरानं बार्शी भागात हंगामासाठी माणूस हवा झाला तेव्हा प्रतिनिधीनं साहेबाला सांगितलं, एक पोरगा आहे, मी त्याला शेतात पाहिलंय. इथं वशिला कुठं आहे? त्या मुलानं जागा रिकामी नसताना दोन दिवस दिले होते, एवढंच.

मोठ्या कंपन्यांत तर कर्मचाऱ्यांनी सुचवलेल्या उमेदवारांसाठी रीतसर पद्धत असते. पुष्कळ ठिकाणी सुचवलेला माणूस टिकला तर सुचवणाऱ्याला बक्षीसही मिळतं. तेव्हा तुमचं नाव पुढं करणं हा प्रत्येक वेळी उपकारच असतो असं समजून दबून जाऊ नका.

सगळ्यांची यादी सारखी लांब नसते, हेही सांगितलं पाहिजे. ज्या घरातलं पहिलंच मूल कॉलेजला गेलं, ज्या वस्तीतलं कुणी नोकरीत नाही, तिथं वहीची दहा पानंही भरत नाहीत. आपल्या ओळखी जातीच्या आणि भावकीच्या वाटेनं चालतात, त्यामुळं ज्याच्या भावकीत कुणी पुढं गेलं नाही त्याला दुहेरी मार बसतो. अशांनी ओळख संस्थांतून मिळवावी. जिल्ह्याच्या ठिकाणी कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र आहे. महास्वयम पोर्टलवर नाव नोंदवा आणि रोजगार मेळाव्याला नुसता अर्ज टाकून परत येऊ नका, टेबलापलीकडच्या दोन माणसांची नावं आणि नंबर घेऊन या. शिकाऊ उमेदवारी मिळाली तर सोडू नका. तिचं विद्यावेतन कमी असलं तरी वर्षभरात कारखान्यातली पन्नास माणसं तुम्हाला नावानं ओळखू लागतात. पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समिती १९५५ पासून खेड्यातल्या मुलांना आधार देते आहे, मराठवाडा मित्रमंडळ १९६७ पासून आहे. अशा संस्थांचे माजी विद्यार्थी सगळ्या क्षेत्रांत पसरले आहेत आणि गावाकडचं पोर म्हटलं की ते वेळ देतात.

मुलींची आणि बायकांची अडचण आणखी वेगळी. त्यांची चौकशी बहुधा भावाच्या किंवा नवऱ्याच्या तोंडून होते, आणि मधल्या मध्ये "तिला घराजवळचंच हवंय" असं कुणीतरी परस्पर ठरवून टाकतं. फोन स्वतः करा. लग्न झालेल्या बाईकडं माहेरच्या आणि सासरच्या अशा दोन याद्या असतात. पुरुषाकडं सहसा एकच. आणि बाईच्या ओळखीतून काय उभं राहतं हे याच जिल्ह्यानं दाखवलं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपानं लोहारा-उमरगा भागातली गावं मोडली. पुनर्वसनाच्या कामात प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं गावातल्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून पुढं आणलं. घर दुरुस्तीची मदत काय आहे, ती कशी मिळते, भिंत कशी बांधायची, ही माहिती या बायका दारोदार नेत. उंबऱ्याबाहेर न पडलेल्या बायकांची तहसीलपासून इंजिनिअरपर्यंत ओळख झाली ती या कामातून. २००१ मध्ये कच्छला भूकंप झाला तेव्हा लातूर-धाराशिवच्या बायका तिथल्या बायकांना आपला अनुभव सांगायला गुजरातला गेल्या. पुढं त्याच जाळ्यातून बचत गट आणि छोटे व्यवसाय वाढले आणि २०१६ मध्ये संस्थेला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. या बायकांनी सुरुवात माहिती देण्यापासून केली होती. तुमच्याकडंही देण्यासारखं काहीतरी असतंच : एखाद्या मेळाव्याची तारीख, फॉर्म भरण्यातली मदत, पुण्यातल्या स्वस्त आणि सुरक्षित रूमचा पत्ता. ते देत राहा.

एक इशारा. ओळखीच्या नावानं पैसे मागणारा आला की तिथंच थांबा. "साहेबांशी बोलणं झालंय, दोन लाख भरा, ऑर्डर निघेल" हे वाक्य ऐकून जमिनी विकलेली घरं आपल्या प्रत्येक तालुक्यात आहेत. चांगली कंपनी नोकरीसाठी उमेदवाराकडून पैसे घेत नाही. सरकारी जागेसाठी लाच देणं हासुद्धा २०१८ च्या कायदादुरुस्तीपासून स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सरकारी भरतीत ओळखीचा उपयोग जाहिरात कळायला, अभ्यास समजायला आणि कागदपत्रं नीट व्हायला, एवढाच. ऑनलाइन फसलात तर लाज न बाळगता तात्काळ १९३० या क्रमांकावर तक्रार करा. उशीर झाला की पैसे परत मिळणं अवघड होतं.

आणि कुणी तुमच्यासाठी शब्द टाकला तर त्या शब्दाची किंमत ठेवा. मुलाखतीला जमणार नसेल तर आदल्या दिवशी कळवा. काम सोडायची वेळ आली तर आधी त्याला सांगा, मग कंपनीला. आठ दिवसांत न सांगता निघून आलेल्या मुलामुळं त्याच गावच्या पुढच्या पोरांचे बायोडाटे कुणी हातात घेत नाही. नोकरी लागली की ज्यानं पहिला नंबर दिला त्या दुकानदारापासून सगळ्यांना फोन करा, गावी आलात की पेढे घेऊन जा. पहिल्या पगाराच्या महिन्यातच वहीच्या मागच्या पानावर आपल्या गावातल्या नोकरी शोधणाऱ्या पाच पोरांची नावं लिहा. आता त्यांच्या यादीतला लांबचा ओळखीचा माणूस तुम्ही आहात.

वही आज रात्रीच काढा. पहिलं नाव अशा माणसाचं लिहा, ज्याच्याशी पाच वर्षांत तुमचं बोलणं झालेलं नाही.